तूट आणि वाढावा

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या घरचा फोन वाजला. परदेशात आयुष्य काढलेल्या माणसाच्या पोटात अशा अवेळी वाजणाऱ्या फोनने गोळा उठतो. भारतात कोणाचे काय झाले, हाच पहिला विचार मनात येतो. तसे काही नव्हते. फोन ठाण्याच्या एका मुलाचा होता. त्याचे वडील आणि आम्ही माझगावच्या सर एली कदूरी शाळेत एका बाकावर बसत असू. मुलगा सध्या मिडलँड्समधील एका विद्यापीठात शिकतो आणि शनिवारी रात्री एका पेट्रोल पंपावर काचेच्या खोलीत बसून पैसे घेतो. परदेशी विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करण्याची मुभा असते; त्यांतले दहा तास तो तेथे काढतो.

"सर, रात्री गल्ला शॉर्ट आला," तो म्हणाला.

हकिकत अशी. रात्री दोनच्या सुमारास एकाने गाडीची टाकी भरली आणि पैसे न देताच पोबारा केला. पेट्रोल ५६ पौंडांचे. गाडीची नंबरपाटी चिखलाने माखलेली, त्यामुळे नंबर टिपता आला नाही. आणि नंबर टिपला नाही तर रक्कम पगारातून कापायची, असा तेथला शिरस्ता. त्याच रात्री एका बाईंनी १२ पौंडांचे पेट्रोल घेतले, २० ची नोट काचेखालच्या खणात टाकली आणि मोड न घेताच त्या निघून गेल्या. आठ पौंड वर राहिले. "ते आठ पौंड शॉर्टमध्ये घातले तर चालतात ना, सर? इथं सगळेच घालतात."

आम्ही तेहतीस वर्षे इंग्लंडातल्या मुलांना गणित शिकवले. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला "उद्या सांगतो" असे उत्तर आम्ही फार थोड्या वेळा दिले असेल. त्या सकाळी दिले. उत्तर ठाऊक होते. ते सांगण्याचा आमचा अधिकार कितपत, ही अडचण होती.

वाचकांपैकी पुष्कळांनी अशी खोली बाहेरूनच पाहिली असेल. आम्ही ती आतून पाहिली आहे. १९८४ साली आम्ही मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी., बी. एड. घेऊन लंडनला आलो. येथल्या शाळेत शिकवायला ती पुरेशी नाही, आधी अमुक कागद आणा, मग तमुक अभ्यासक्रम करा, असे सुरू झाले. तोवर पोट भरायचे होते. नॉर्थ सर्क्युलर रस्त्यालगतच्या एका पंपावर आम्ही रात्रपाळीचे कॅशियर म्हणून लागलो आणि १९८७ च्या उन्हाळ्यापर्यंत तेथे होतो.

आपल्याकडे पंपावर अजून माणूस बाहेर उभा असतो, नळी तोच धरतो, पैसेही तोच घेतो. इंग्लंडात १९६० नंतरच्या दशकात गिऱ्हाइकाने स्वतःच पेट्रोल भरून घेण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे सगळीकडे पसरली. बाहेर काम करणारे दोघे-तिघे गेले. राहिला एक, आणि त्याला काचेच्या आत बसवण्यात आले. आमच्या पंपावर रात्री अकरा वाजता दार आतून बंद होई. त्यानंतर जगाशी आमचा संबंध जाड काच, एक खरखरणारा ध्वनिवर्धक आणि काचेखालचा सरकता खण ह्यांतूनच. गाडी पंपाशी लागली की तिच्याकडे एकदा नीट पाहून बटण दाबायचे, मग पेट्रोल सुटे. गिऱ्हाईक खणात पैसे टाकी. खण आत ओढायचा, मोड टाकून बाहेर ढकलायचा. पाळी सुरू होताना गल्ल्यात ५० पौंडांचे सुटे मोजून घ्यायचे. नोटा साठल्या की लोखंडी तिजोरीच्या फटीतून आत सारायच्या. तिजोरीची किल्ली मालकाकडे. क्रेडिट कार्ड आले तर ते एका यंत्रात ठेवून, वर कार्बनची पावती घालून, दांडा खर्रकन ओढायचा. सकाळी सहाला यंत्रातून दिवसाच्या विक्रीची पट्टी काढायची, रोकड मोजायची, आणि दोन आकड्यांतला फरक वहीत लिहायचा. फरकासाठी वहीत एकच रकाना होता.

मजुरी तासाला दोन पौंडांच्या आसपास. म्हणजे रात्रीचे वीसेक पौंड.

नाण्या-नोटांचाही त्या दिवसांत घोळ होता. एक पौंडाचे नाणे १९८३ च्या एप्रिलमध्ये आले होते आणि एक पौंडाची नोट १९८८ पर्यंत चालत होती, तेव्हा दोन्ही एकाच खणातून येत. दहाची नोट तपकिरी, तिच्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल. वीसची जांभळी, तिच्यावर शेक्सपिअर. दिवसाउजेडी ह्या दोहोंत चूक होण्याचे कारण नाही. पहाटे चार वाजता, पिवळ्या दिव्याखाली, चौघडी घालून चुरगळलेली नोट खणातून आली म्हणजे मात्र शेक्सपिअर आणि नाइटिंगेल सख्खी भावंडे दिसू लागतात.

येथे एक आडगोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपले पूर्वज कोकणात घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवारतेली म्हणत. त्यांचा हा वंशज शुक्रवारची रात्र ओलांडून शनिवारची पहाट होईपर्यंत तेलच विकत बसे, तेही जमिनीतून उपसलेले. आईला पत्रात आम्ही "हिशेबाचे काम" एवढेच लिहीत असू. तो हिशेब निराळा आहे आणि त्याचा जाब आम्हांला अन्यत्र द्यावा लागेल. येथे तो काढत नाही.

तुटीचा नियम साधा होता. वहीत जितकी तूट दिसेल तितकी पगारातून वजा. वाढावा दिसला तर तो मालकाचा. पहिल्याच दिवशी एका छापील कागदावर सही घेतलेली. आम्ही तो वाचला होता; परंतु ज्याला नोकरी हवी असते त्याचे वाचणे ते किती! तूट तीन तऱ्हांनी येई. एक, आपल्या हातून मोड जास्त गेली. दुसरी, कोणी पैसे न देता पळाला. ह्या दोन्हींचे निदान कारण तरी सापडे. तिसरी तऱ्हा वाईट: तीनतीनदा मोजूनही रोकड कमी भरते आणि का, हे समजत नाही. त्या वेळी माणूस स्वतःच्याच हातांकडे संशयाने पाहू लागतो. काचेच्या बाहेर उजाडत असते, दिवसपाळीचा माणूस येऊन दार वाजवतो, आणि आपण आदल्या रात्रीच्या प्रत्येक चेहऱ्याची उजळणी करीत बसलेले असतो.

अशा कापणीला कायद्याचा किती आधार होता, ह्यावर नेमका त्याच काळात येथे वाद चालू होता, हे आम्हांला पुष्कळ नंतर कळले. मजुराचे वेतन रोख नाण्यांत द्यावे, मालात देऊ नये, म्हणून १८३१ साली येथे ट्रक ॲक्ट झाला. (ट्रक म्हणजे मालमोटार नव्हे, अदलाबदलीसाठी इंग्रजीत हा जुना शब्द आहे. वर्गात हे सांगितले की मुले दरवेळी हसत.) १८९६ च्या ट्रक ॲक्टने दुकानांतील नोकरांनाही आडोसा दिला. दंड कापायचा तर आधी लेखी करार हवा, नोकराच्या हातून नुकसानीची काही कृती किंवा हयगय झालेली हवी, आणि रक्कम रास्त व वाजवी हवी, असे त्यात होते. पेट्रोल पंपावरच्या तुटीपोटी होणारी कापणी ह्या कायद्यात बसते का, हा प्रश्न १९८७ साली थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे गेला. पण तोवर कायदाच बदलून गेला होता. १९८६ च्या वेजेस ॲक्टने जुने ट्रक ॲक्ट रद्द केले. रास्त-वाजवीची कसोटी गेली आणि तिच्या जागी टक्केवारी आली: किरकोळ विक्रीच्या कामातील नोकराच्या एका वेळच्या ढोबळ पगारातून तुटीपोटी दहा टक्क्यांहून अधिक कापू नये. हाच नियम आज १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमध्ये आहे.

दहा टक्के हे ऐकायला बरे वाटते, आणि पूर्वी कोणाचा सबंध आठवड्याचा पगार जाई त्या मानाने ते बरेच म्हटले पाहिजे. पण त्याला एक शेपूट आहे. नोकरी सोडताना मिळणाऱ्या शेवटच्या पगाराला ही मर्यादा लागू नाही. उरलीसुरली सगळी तूट त्यातून वळती करून घेता येते. तूट माफ होत नाही, दबा धरून बसते. ठाण्याच्या मुलाला हे कोणीतरी सांगितले होते. परीक्षेनंतर तो ही नोकरी सोडणार आहे, म्हणून तर त्याला आठ पौंडांचा एवढा मोह.

मालकाची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. गल्ल्यावर बसणारे सगळेच साधू नसतात. आमच्याच पंपावरचा एक गृहस्थ पळून जाणाऱ्या गाड्या स्वतःच्या मित्रांच्या बोलावून घेत असे. जबाबदारी कोणावर तरी हवी, नाहीतर मोजणार कोण? तालमूदाचा बाबा मेसिया हा भाग एका अभ्यासवर्गात आम्ही वाचला, तेव्हा आमच्या मनात हाच पंप होता. दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याचे तेथे चार प्रकार केले आहेत: फुकट सांभाळणारा, उसनी घेणारा, मोबदला घेऊन सांभाळणारा आणि भाड्याने घेणारा. मोबदला घेऊन सांभाळणाऱ्याकडून वस्तू हरवली किंवा चोरीस गेली तर त्याने ती भरून द्यावी. दरोडा पडला, म्हणजे त्याचा इलाजच चालला नाही, तर नाही. वाचून आमची पंचाईत झाली. आम्ही पगार घेत होतो, आणि पैसे न देता पळणे ही चोरीच. म्हणजे मालकाचेच खरे?

त्यावर आम्ही बराच विचार केला. चोरी झाली तर भरून दे, असे राखणदाराला सांगताना त्याला राखता येईल अशी सोय मुळात असावी लागते. आम्ही कुलूपबंद खोलीत, पेट्रोल बाहेर, आधी भरा आणि मग पैसे द्या, ही पद्धत मालकाने आपल्या फायद्यासाठी पत्करलेली. दोन माणसांचा पगार त्याने वाचवला आणि ती माणसे नसल्यामुळे जे नुकसान होऊ लागले ते तिसऱ्याच्या पगारात घातले. ह्याला राखण म्हणणे आम्हांला तरी जड जाते.

त्याच ग्रंथात एक गोष्ट आहे. रब्बा बार बार हाना ह्यांच्या हमालांनी द्राक्षारसाचे पिंप फोडले, म्हणून त्यांनी हमालांचे कपडे काढून घेतले. हमाल राव ह्यांच्याकडे गेले. राव म्हणाले, कपडे परत कर. हाच कायदा काय, असे रब्बांनी विचारले, तेव्हा राव होय म्हणाले आणि सज्जनांच्या वाटेने चालण्याविषयीच्या नीतिसूत्रांतील वचनाकडे त्यांनी बोट दाखवले. मग हमाल म्हणाले, आम्ही गरीब, दिवसभर राबलो, भुकेले आहोत, हाती काही नाही. राव म्हणाले, त्यांची मजुरीही दे. रब्बांनी पुन्हा तेच विचारले, आणि उत्तरही तेच मिळाले. अभ्यासवर्गातील एक दुकानदार गृहस्थ म्हणाले की असा न्याय करायचा तर धंदा आठ दिवसांत बसेल. खरे आहे. पण ह्या गोष्टीत रब्बा विद्वान होते, कायदा त्यांना ठाऊक होता आणि हक्क त्यांच्याकडे होता. म्हणूनच ती त्यांना सांगावी लागली, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

मालकांना काय सांगावे हे सोपे, कारण आम्ही कधी मालक नव्हतो. आता आमचे सांगतो.

१९८५ च्या डिसेंबरातली शुक्रवारची रात्र. मध्यरात्रीनंतर गाड्यांची वर्दळ थांबली तेव्हा आम्ही गल्ला मोजला. ११ पौंड ४० पेन्स कमी. पुन्हा मोजला. तेवढेच. अर्ध्याहून अधिक रात्रीची मजुरी गेली, आणि कशात, ते कळेना. चारच्या सुमारास एक मिनीकॅबवाला आला. आठ पौंडांचे पेट्रोल घेतले, चौघडीची नोट खणात टाकली. आम्ही दोन पौंड मोड दिली. तो झोपेने इतका पेंगत होता की न मोजताच खिशात घालून गाडीत जाऊन बसला. आम्ही नोट उलगडली. ती जांभळी होती.

त्याची गाडी अजून बाहेर पडली नव्हती. रस्त्यावर लॉऱ्या चालल्या होत्या आणि तो वाट मिळण्याची वाट पाहत होता. मागचे दोन लाल दिवे आम्हांला स्पष्ट दिसत होते. पंपाच्या आवारात आवाज देण्याच्या कर्ण्याचे बटण आमच्या उजव्या हाताखाली होते. लॉऱ्या गेल्या, दिवे गेले. बटण आम्ही दाबले नाही.

सकाळी सहाला वहीच्या त्या एका रकान्यात आम्ही लिहिले: तूट १ पौंड ४० पेन्स. आकडा बरोबर होता. कोणीही तपासला असता तर बरोबरच आला असता. घरी जाऊन आम्ही झोपलो, आणि आजही सांगायला लाज वाटते, झोप चांगली लागली.

पुढच्या आठवड्यात तो माणूस परत आला. पेट्रोल घ्यायला नव्हे, चालत काचेपाशी आला आणि वाकून ध्वनिवर्धकात म्हणाला, "गेल्या शनिवारी पहाटे मी तुम्हांला वीसची नोट दिली होती का हो? माझ्या हिशेबात दहा कमी पडतात. गाडी माझी नाही, मालकाला भरणा करावा लागतो." आवाजात आरोप नव्हता. वर्गात एखादा मुलगा 'सर, माझी पेन्सिल पाहिलीत का' म्हणून विचारतो तसे त्याने विचारले.

आम्ही म्हणालो, "त्या रात्री आमचा गल्ला बरोबर भरला होता."

"मग माझीच चूक," तो म्हणाला. "माफ करा, उगीच त्रास दिला."

आमचे वाक्य जवळजवळ खरे होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. सरळ खोटे बोलायला लागले असते तर कदाचित जीभ अडली असती. वहीने आमच्यासाठी खोटे आधीच तयार करून ठेवले होते, आणि तेही आकड्यांत, ज्यांवर सगळ्यांचा विश्वास असतो. काचेच्या त्या बाजूला उभा असलेला माणूस आमच्यासारखाच दुसऱ्याच्या पैशाचा कॅशियर होता, आमच्यासारखीच त्याची रोकड कमी भरली होती, आणि माफी त्याने मागितली. त्याला आम्ही पुन्हा पाहिले नाही. पुढे शिक्षक झाल्यावर, गणिताच्या उत्तराची खाडाखोड लपवणाऱ्या मुलावर रागावताना, आमचा आवाज कधी कधी मध्येच बसे. मुलांना वाटे सरांना सर्दी झाली.

हे सगळे पुन्हा वर येण्याचे आणखी एक कारण झाले. १९९९ पासून येथल्या पोस्ट ऑफिसच्या काउंटरांवर होरायझन नावाची संगणक यंत्रणा आली. गावोगावी पोस्टाचे काउंटर चालवणारे सब-पोस्टमास्टर करारानुसार तुटीस जबाबदार धरले जात. यंत्रणा नसलेली तूट दाखवू लागली. १९९९ ते २०१५ ह्या काळात नऊशेहून अधिक लोक चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब लिहिल्याबद्दल दोषी ठरले. त्यांत आपल्या देशाकडच्या लोकांची नावेही पुष्कळ. सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा गरोदर असताना २०१० च्या नोव्हेंबरात पंधरा महिन्यांच्या शिक्षेवर तुरुंगात गेल्या. २०१९ च्या डिसेंबरात हायकोर्टाने यंत्रणेत दोष असल्याचा निर्णय दिला, सीमा मिश्रांसह अनेकांच्या शिक्षा २०२१ च्या एप्रिलमध्ये रद्द झाल्या, आणि २०२४ साली पार्लमेंटला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

आम्हांला त्यांत चटका लावून गेली ती साऊथ वॉर्नबरो ह्या खेड्यातल्या जो हॅमिल्टन ह्यांची हकिकत. मदतीच्या फोनवर सांगितले तसे करत गेल्या आणि पडद्यावरची तूट डोळ्यांदेखत दुप्पट झाली. घर गहाण ठेवून त्यांनी पैसे भरले आणि शेवटी चोरीचा आरोप टळावा म्हणून खोटे हिशेब लिहिल्याचा गुन्हा कबूल केला. कित्येक सब-पोस्टमास्टरांनी असेच केले होते: रोकड जुळत नसताना जुळते असे लिहिले, कारण न जुळल्याचे लिहिले तर पैसे भरा नाहीतर काउंटर बंद, ह्याखेरीज वाट नव्हती. त्यांच्या पंक्तीत बसण्याचा आम्हांला हक्क नाही. त्यांनी कोणाचे घेतले नव्हते. आम्ही घेतले होते. परंतु एक गोष्ट दोन्हीकडे तीच दिसते. तूट कोणामुळे झाली हे न विचारता ती समोर बसलेल्या माणसाच्या अंगावर टाकली, की हिशेब जुळतो. तो जुळावा एवढ्यासाठीच तर सगळे केलेले असते. माणूस काय करून तो जुळवतो, इकडे मग कोणी पाहत नाही.

आता ह्या काचेच्या खोल्याही एक एक करून चालल्या आहेत. डार्टफर्डच्या टोलचे बूथ २०१४ साली गेले. सेव्हर्न नदीवरच्या पुलांचा टोलच २०१८ च्या डिसेंबरात बंद झाला. मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर लहान मोटारींना २०२४ च्या ऑक्टोबरात टोल माफ झाला. गाड्या उभ्या करण्याच्या जागी येथे यंत्रे आली आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ यंत्रांवर लिहिलेले असते की मोड मिळणार नाही. दोन पौंड साठ पेन्सच्या जागी तीन पौंड टाकले तर चाळीस पेन्स यंत्राच्या मालकाचे. आम्ही दहा पौंड ठेवले ती चोरी. यंत्र ठेवते तो नियम. ह्यावर हसावे की रडावे ते आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.

तर मुलाला काय सांगायचे? त्याच्यावर अन्याय होत होता हे उघड आहे. चिखलाने माखलेली नंबरपाटी हा त्याचा दोष नव्हे. आणि आठ पौंड त्या बाई मागायला येतील असेही नाही. बहुधा त्यांना आठवणारही नाही. शिवाय ते त्याने ठेवले नाहीत तर वाढाव्याच्या नावाखाली मालकाच्या घशात जाणार. असे एकेक युक्तिवाद रचत गेले की आठ पौंड मुलाच्याच खिशात शोभतात असे वाटू लागते. आम्हीही १९८५ साली हेच युक्तिवाद रचले होते, फक्त बटण न दाबल्यानंतर.

जमाखर्चात तूट आणि वाढावा एकमेकांत वळते करता येतात. उणे अकरा-चाळीस आणि अधिक दहा, उत्तर उणे एक-चाळीस. चौथीतला मुलगा सांगेल. परंतु उणे अकरा-चाळीसच्या मागे आम्ही आणि मालक होतो, आणि अधिक दहाच्या मागे एक पेंगणारा ड्रायव्हर. वजाबाकी केली आणि ड्रायव्हर नाहीसा झाला. मालकाने आमचे घेतले म्हणून ड्रायव्हरकडून घेण्याचा हक्क आम्हांला कोणत्या रीतीने मिळतो? आयुष्यभर गणित शिकवून आम्हांला ती रीत सापडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला फोन केला. सांगितले की बाईंचे आठ पौंड पाकिटात घाल, वर तारीख, वेळ आणि पंपाचा नंबर लिही, सही कर आणि पाकीट मॅनेजरकडे देऊन तशी नोंद कर. पळालेल्या गाडीचे ५६ वेगळे लिही. ते का कापता, त्यात माझी चूक कोणती, हे मॅनेजरला लेखी विचार, आणि कापलेच तर दहा टक्क्यांचा नियम त्याला दाखव.

"पण सर, दोन्ही मिळून अठ्ठेचाळीसच येतात."

"येतात. पण तसे लिहायचे नाही."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, शेवटच्या पगारातून छप्पन्नच्या छप्पन्न गेले तर? आम्ही म्हटले, जाऊ शकतात. ह्याहून बरे उत्तर आमच्याकडे नव्हते आणि आजही नाही.

तीन आठवड्यांनी त्याचा पुन्हा फोन आला. फॉर्मवर फरकाचा रकाना अजूनही एकच आहे, चाळीस वर्षांत तेवढे काही बदललेले नाही. तेव्हा त्याने फॉर्मच्या पाठीमागे पट्टीने मधोमध रेघ मारली आणि दोन बाजू केल्या. बाई आलेल्या नाहीत. पाकीट मॅनेजरच्या टेबलाच्या खणात आहे. कापणीबद्दल अजून उत्तर नाही. मॅनेजरने रेघेकडे पाहून विचारले, हे तुला कोणी शिकवले?

"मग काय सांगितलंस?" आम्ही विचारले.

"म्हटलं, आमच्या सरांनी."

जांभळ्या नोटेची गोष्ट आम्ही त्याला फोनवर सांगितली नाही. हा अंक त्याच्या पत्त्यावर जातो, आणि त्याला मराठी चांगले वाचता येते.